कॅप्टनची खुर्ची

गाडी मागे घेताना माणसाने आरशात बघावं की बायकोकडे, हा प्रश्न माझ्यापुरता कधीच सुटलेला आहे. मी बायकोकडे बघतो. त्या सकाळी ती गाडीमागे उभी राहून हाताने "या, या" करत होती आणि मी निमूटपणे येत होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून शेजारणीने तिला काहीतरी विचारलं. हिची मान वर गेली, हात मात्र सवयीने "या, या" करतच राहिला, आणि मागच्या चाकाखाली कडाडकन आवाज झाला. आमच्या फाटकावर एकच लोखंडी खुर्ची होती. ती घडीची नव्हती. मी तिची घडी केली.

खुर्चीत बसणारा माणूस वाचला तो निव्वळ चांगल्या वळणामुळे. कुठलीही गाडी सुरू झाली की आमचे वॉचमन उठून सलाम ठोकत. इमारतीने दिलेली टोपी त्यांना मोठी होत असे, पण ती ते अशी ताठ घालत की कुणीतरी गमतीने त्यांना कॅप्टन म्हटलं आणि मग जो तो म्हणू लागला. मी धावत गेलो तेव्हा कॅप्टन त्या लोखंडाच्या गोळ्याकडे बघत शांत उभे होते.

"सलामाला उठलो म्हणून वाचलो," ते म्हणाले. "फौजेत इतकी वर्षं सलाम ठोकले, पण एवढा उपयोग कधी झाला नव्हता."

इतकी वर्षं आम्ही ज्यांना थट्टेने कॅप्टन म्हणत होतो, ते खरोखरच लढाईवर जाऊन आले होते, हे मला तेव्हा कळलं. बायकोला आधीपासून माहीत होतं. "तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही कधी त्यांच्याशी बोललात का?" मी विषय बदलला.

कॅप्टन फौजेत तारा ओढायचे. लढाईत टेलिफोनच्या तारा तुटतात. तुटल्या की कुणीतरी वाकून, सरपटत जायचं आणि जोडायच्या. एकदा तार जोडली गेली आणि त्यांचा गुडघा तुटला. आत लोखंड बसवून त्यांना घरी पाठवलं. पुढे ते नोकरी मागायला जिथे जिथे गेले, तिथल्या साहेबांनी उठून हात मिळवला, देशासाठी केलंत म्हणून कौतुक केलं आणि उभ्या उभ्याच परत पाठवलं. शेवटी आमचं फाटक मिळालं. उठताना त्यांचा गुडघा करकरे, आणि आम्ही आपले बिजागरीला तेल घालत बसायचो.

दुसऱ्याच दिवशी मी नवी खुर्ची आणून फाटकावर ठेवली. संध्याकाळी बघतो तर ती सेक्रेटरींच्या ऑफिसात, पाहुण्यांसाठी. सेक्रेटरी म्हणजे आमच्या इमारतीचं चालतंबोलतं नियमांचं पुस्तक. घरीसुद्धा भाजीत मीठ कमी पडलं तर ठराव मांडत असावेत. त्यांचं म्हणणं असं, की खुर्ची मोडली ते एका परीने बरंच झालं. बसलेला वॉचमन पेंगतो, उभा वॉचमन दिसतो. शिवाय फाटक उघडायला त्याला उठावं लागतंच, मग बसायचं कशाला? मी गुडघ्याचं सांगितलं. ते म्हणाले, मग हलकं काम बघायला सांगा त्यांना. दुसरा माणूस आहे माझ्या डोळ्यासमोर.

ही गोष्ट मी कॅप्टनना सांगितली. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी म्हटलं, काळजी करू नका, मी काहीतरी करतो, माझा शब्द. ते "बरं" म्हणाले आणि फाटकाच्या खांबाला टेकून उभे राहिले. पुढे काही आठवडे मी शब्द देत होतो आणि ते उभे होते. मी गाडी काढली की सलाम यायचा; तो मला चापटीसारखा लागायचा.

अशात इमारतीच्या वर्धापनदिनी मुलांसाठी 'युद्धवीराची भेट' ठरली. बोलावलेला होता एक मोठा निवृत्त अधिकारी. आदल्या दिवशी त्याने कळवलं, की कंबर धरली आहे. सभेत सगळ्यांची तोंडं पडली. तेव्हा बायको म्हणाली, "फाटकावर उभा आहे की एक. त्याचा गुडघा धरलाय, पण येईल."

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. फुकटात वीर, आणि तोही जागच्या जागी.

स्टेजच्या मधोमध लाल मखमलीची, सोनेरी हातांची एक अवाढव्य खुर्ची मंडपवाल्याने आणून ठेवली होती. तीत कॅप्टनना बसवलं. टोपी तशीच ताठ. सेक्रेटरींनी मोठा गुच्छ दिला आणि अशा माणसांना आपण डोक्यावर घेऊन नाचायला हवं, असं गळा भरून सांगितलं. मग मुलांनी प्रश्न विचारले. किती शत्रू मारले? एकही नाही, तारा जोडल्या. भीती वाटायची? रोज. मग एका छोट्या मुलीने विचारलं, लढाईत सगळे तुम्हाला काय सांगायचे?

कॅप्टननी थोडा विचार केला.

"खाली बस," ते म्हणाले. "तिथे उभा राहिला तो मेला. त्यामुळे जो तो ओरडायचा, अरे बस, खाली बस. माझा साहेबसुद्धा ओरडायचा. इथे आल्यापासून कुणी म्हटलं नाही. आज पहिल्यांदा म्हणालात."

टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कुणाला कळेना. सेक्रेटरींनी घाईघाईने आभार मानले. कॅप्टन उठले, गुडघा माइकवरून सगळ्या मंडपाला ऐकू गेला, त्यांनी गुच्छ त्या मुलीला दिला, मखमली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि लंगडत, थांबत, फाटकावर नेऊन ठेवली. मग खिशातून तारेचं भेंडोळं काढलं. एक टोक फाटकाच्या कडीला बांधलं, दुसरं हातात घेऊन खुर्चीत बसले आणि ओढून पाहिलं. फाटक उघडलं.

मंडपवाला टेंपो घेऊन आला. सगळं सामान चढलं, खुर्ची राहिली. सेक्रेटरी तावातावाने गेले आणि म्हणाले, हा काय पोरखेळ आहे, आत्ताच्या आत्ता कामावरून काढून टाकीन.

"काढा," कॅप्टन बसूनच म्हणाले. "पण उठवणार कोण, तेही ठरवून या."

एव्हाना मुलं खुर्चीभोवती जमली होती आणि त्यांच्यामागे मुलांचे आईबाप. बायकोने घरून चहा आणून त्या सोनेरी हातावर ठेवला आणि सेक्रेटरींकडे अशी पाहत उभी राहिली, की ही नजर आपल्याखेरीज दुसऱ्या कुणावर पडू शकते, हे मला प्रथमच कळलं. दुसरा माणूस आणायचा तर आणा, ती म्हणाली, या फाटकातून त्याला आत कोण घेतं ते आम्ही बघतो. सेक्रेटरींनी गर्दीवरून नजर फिरवली. त्यांना तिथे फक्त मतं दिसली असणार. नरम आवाजात ते म्हणाले, ठीक आहे, बसू दे त्यांना खुर्चीत, पण ही भाड्याची आहे आणि ऑफिसातली पाहुण्यांची. मग माझ्याकडे वळले. खुर्ची तुम्ही मोडलीत, तुम्हीच निस्तरा.

मी पुढे झालो. मंडपवाला घड्याळ बघत होता, टेंपो धूर सोडत होता. शक्य तितक्या गोड आवाजात मी म्हटलं, "कॅप्टन, जिंकलात तुम्ही. उद्या दुकान उघडलं की पहिलं काम तुमच्या खुर्चीचं, माझा शब्द आहे. आता तेवढं उठा."

त्यांनी चहाचा घोट घेतला, मखमलीला पाठ टेकली आणि म्हणाले, "शब्दावर बसता येत नाही, साहेब."