मेपल कोर्टचा कावळा

अरुणला मी तीस वर्षं ओळखते, आणि एवढ्या वर्षांत "छान झालंय" हे शब्द या माणसाच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीचा, दीपाचा, हा नवरा. मूळचा पुण्याचा, त्यातून धंद्यानं सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे आधीच मर्कट, त्यातच मद्य प्याला!

लोकांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या आणि त्यांच्या तोंडावर परत मारायच्या, याचा पगार व्हर्जिनियातल्या हर्नडन गावच्या कंपन्यांनी त्याला जन्मभर दिला. सगळ्यात वाईट चूक म्हणजे 'सेव्ह वन'; सेव्ह म्हणजे सिव्हिरिटी, चूक किती गंभीर ते. त्याखालची 'सेव्ह टू'. नुसती डोळ्यांना खुपणारी ती 'सेव्ह थ्री'. बरं, ऑफिसची भाषा ऑफिसात ठेवावी ना? हा ती घरी आणायचा. पोह्यांवर खोबरं नाही, सेव्ह थ्री. गाडीची किल्ली हुकाला नाही, सेव्ह टू. त्याची मुलगी इला लहान असताना तिनं घराचं चित्र काढून बाबाला दाखवलं, तर म्हणे, "सूर्य उजवीकडे आणि झाडाची सावलीपण उजवीकडेच? सेव्ह वन." पोरीचं तोंड एवढंसं झालं. दीपानं ते चित्र तसंच फ्रिजवर लावलं आणि त्याला म्हणाली, "अरे, एकदा तरी कशाला तरी पास म्हण की!"

"चुका संपल्या की म्हणेन," हा म्हणाला.

चुका कुठल्या संपतायत! इलानं कॉलेजात कॉम्प्युटर अर्धवट सोडला आणि टीव्हीच्या सीरिअली लिहायला ती लॉस एंजेलिसला गेली, तेव्हा अरुणनं एकच वाक्य टाकलं, "हे काम नाही, हा छंद आहे." बास. त्यानंतर बाप आणि लेक दोघंही दीपामार्फत बोलायचे. "बाबाला सांग." "तिला विचार." माझी बहीण त्या दोघांच्या मध्ये टेलिफोनचा खांब होऊन उभी राहिली आणि दोन वर्षांपूर्वी तो खांबच कॅन्सरनं पाडला.

दहाव्याला आम्ही पोटोमॅक नदीच्या काठी, एका पार्कात गेलो. मंदिरातले गुरुजी होते. एका सपाट दगडावर पिंड ठेवले आणि कावळ्याची वाट बघत बसलो. एरवी त्या पार्कात कावळ्यांचा नुसता उच्छाद. हातातलं सँडविच पळवतील मेले. त्या दिवशी समोरच्या झाडावर ओळीनं बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. गुरुजी म्हणाले, "काहीतरी अडकलंय बाईंचं. शब्द द्या त्यांना."

मी हात जोडले. "दीपे, मी इथे रेस्टनलाच आहे, हाकेच्या अंतरावर. अरुणला उपाशी ठेवणार नाही." कावळा ढिम्म. इला पुढे आली. तिचं मराठी रडताना पळून जातं. "आई, आय विल कॉल बाबा एव्हरी संडे. प्रॉमिस." तरी ढिम्म. मग सगळ्यांनी अरुणकडे बघितलं. दीपाचा जीव कशात अडकला होता ते गुरुजी सोडून तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लेकीला एक चांगला शब्द दे, एवढंच ना? फुकटचा शब्द! अरुणनं झाडाकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं.

"पार्किंग दोनपर्यंतच आहे," तो म्हणाला.

गुरुजींनी मुकाट्यानं दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. इला तिथूनच एअरपोर्टला गेली. रविवारचे फोन महिनाभर आले असतील, मग त्यांची जागा फोनवरच्या अंगठ्याच्या चित्रानं घेतली. तिनं अंगठा पाठवायचा, यानं अंगठा पाठवायचा. अंगठाबहाद्दर कुठले!

आणि मग या वर्षी ती सीरिअल आली. 'मेपल कोर्ट'. लिहिणाऱ्या सहा जणांत आमच्या इलाचं नाव. व्हर्जिनियातलं मराठी कुटुंब, आई मरते, तिचं भूत घरातच राहतं, आणि कॉलनीतली माणसं एकेक करून गायब व्हायला लागतात. मी भाचीचं कौतुक म्हणून बघायला बसले, आणि पहिल्या अर्ध्या तासात माझं डोकं फिरलं.

अहो, भुताला पांढरी नऊवारी! केस मोकळे! माझी बहीण जन्मभर फ्लीसचं जॅकेट आणि पळायचे बूट घालून हिंडली, लग्नात नेसली तेवढीच नऊवारी, आणि मेल्यावर ही बया बेसमेंटमध्ये नऊवारीत तरंगते? दर एपिसोडला दिवे लुकलुकणार. दर एपिसोडला कोणीतरी दिवा न लावता एकटंच बेसमेंटमध्ये उतरणार. या लोकांच्या घरात बटणं नाहीत का? कोकणातल्या कुठल्याशा विहिरीचा शाप म्हणे अमेरिकेत आलाय. कसा आला, व्हिसा कोणी दिला, कोणी विचारत नाही. आणि कळस म्हणजे भूत पळवायला तो म्हातारा भटजी डोळे गरागरा फिरवून जो प्राचीन मंत्र म्हणतो, तो काय होता माहितीये? पानावर बसल्यावर जेवणाआधी म्हणतात तो श्लोक! रविवारच्या मराठी शाळेत इलानं पाठ केलेला एकुलता एक श्लोक तो. तेवढा येतो, तेवढा घातला. मी सोफ्यावरून उठून टीव्हीला हात जोडले. भूत पळालं तर नाहीच, वरण वाढा म्हणालं नाही हे नशीब.

एवढं सगळं भिकार असूनही त्या सीरिअलमधली एक गोष्ट मला झोपू देईना, आणि म्हणूनच मला तिचा जास्त राग यायचा. स्वयंपाकघर. त्यातलं भूत स्वयंपाकघरात दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर अंगठीनं दोनदा टकटक. दीपा तशी करायची. डबा उघडायच्या आधी टकटक, का ते देवाला माहीत. आईस्क्रीमच्या डब्यात आमटी निघते आणि पडद्यावरचा बाप तो रिकामा डबा फेकून न देता धुऊन ठेवतो. तिथे ना संगीत वाजत होतं, ना दिवे लुकलुकत होते. आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माझी मेलेली बहीण उचलून या पोरीनं जगाला विकली, आणि वर विकली ती इतकी हुबेहूब!

शुक्रवारी संध्याकाळी इलाचा फोन आला. शेवटचा, आठवा एपिसोड त्याच दिवशी आला होता.

"मावशी, बाबांना आठवा बघू देऊ नकोस. प्लीज."

"का? आता काय दिवे लावलेस?"

"रिव्हरचा सीन आहे. मी लिहिलाय. पार्किंगचं वाक्य पण आहे त्यात."

"इले! बापाला चव्हाट्यावर बसवलंस?"

"आय वॉज अँग्री, मावशी. लिहिताना वाटलं नाही की ते कधी बघतील. माझं काहीच बघत नाहीत ना ते." मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी बघितलं तर ते माझ्याशी परत कधीच बोलणार नाहीत. अंगठा पण येणार नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण करता काय? हसावं का रडावं कळेना. अरुण माझ्याच अकाउंटवर टीव्ही बघतो. मी तडक पासवर्ड बदलला आणि शनिवारी सकाळी बटाटेवड्यांचा डबा घेऊन त्याच्या दारात हजर झाले. दिवसभर ठाण मांडून बसायचं, असं ठरवूनच.

दार उघडलं ते त्यानंच. दाढी वाढलेली. मागे टीव्हीवर नदी आणि दगड, चित्र थांबवून ठेवलेलं.

"ताई, तुम्ही पासवर्ड उशिरा बदलला," तो म्हणाला. "मी काल दुपारीच डाउनलोड करून ठेवला होता."

टेस्टरच तो. मी धपकन खुर्चीत बसले. आता हा काय बोलतो, चिडतो की आणखीच गप्प होतो, मला समजेना. म्हटलं, आज बाप-लेकीचं संपलं. त्याच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात वडे ठेवायला गेले, तर ओट्यावर एक ताटली. दहीभात, कडेला लिंबाचं लोणचं. दीपाचं आवडतं.

"हे कोणासाठी?"

"डेकवर ठेवतो रोज. दहाव्यानंतर सुरू केलं."

दोन वर्षं! देवाला हात न जोडणारा हा माणूस दोन वर्षं घरामागच्या लाकडी डेकवर कावळ्याला पान वाढत होता आणि दहा मिनिटांवर राहणाऱ्या मला पत्ता नाही.

"मग? येतो कावळा?"

"नाही. खार येते."

मला रडू फुटलं आणि त्याहून जास्त राग आला. "मेल्या, त्या दिवशी एक शब्द बोलला असतास तर ही वेळ आली असती का? काय जात होतं तुझं? पास म्हणायचं, मोकळं व्हायचं!"

"मी तोपर्यंत इलाचं काहीच बघितलं नव्हतं," अरुण म्हणाला. "न बघता पास कसं म्हणू, ताई?"

"बायकोसाठी एकदा खोटं बोलायचं होतंस!"

"दीपाला कळलं असतं."

ते खरंच होतं. दीपाला कळलं असतं.

तो म्हणाला, "इलाला फोन लावा. माझ्या नंबरवरून केला तर घाबरेल." मी लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. तिकडे सकाळ उजाडायची होती, पण पहिल्याच रिंगला तिनं उचलला. "मावशी? डिड ही सी इट?"

"बघितला," अरुण म्हणाला.

मी मनात म्हटलं, अरुण, आता तरी नीट बोल, बाबा.

आणि हा सुरू झाला! "भुताला नऊवारी, सेव्ह टू. आईकडे नऊवारी एकच होती आणि ती हिरवी. तो श्लोक जेवणाचा आहे, सेव्ह वन. तिसऱ्या एपिसोडमध्ये बेसमेंटचा जिना डावीकडे आहे, सहाव्यात उजवीकडे. शेवटी बाप सॉरी म्हणतो आणि शंभर कावळे येतात, ते कॉम्प्युटरवर केलेत, पंख हलतात पण सावल्या हलत नाहीत..."

"ओके, बाबा," इला म्हणाली. तिचा आवाज त्या सात-आठ वर्षांच्या पोरीचा झाला होता, चित्र परत घेऊन जाणाऱ्या.

मग मात्र मी फुटलेच. "अरुण! बास! दीपा तिकडे ताटकळत बसलीये आणि तू सावल्या मोजतोस? तुला माणूस म्हणू का काय म्हणू?"

मग एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात माझा फोन घेऊन तो डेकवर गेला. मी मागोमाग. ताटली कठड्यावर ठेवली. समोर ओकची झाडं, शेजाऱ्याचं ट्रॅम्पोलिन, आभाळात चिटपाखरू नाही.

"दीपा," तो मोठ्यांदा म्हणाला. इतक्या मोठ्यांदा की शेजारचा कुत्रा भुंकला. "पोरीचं काम बघितलं. आठही एपिसोड. नदीवरचं बरोबर लिहिलंय तिनं. मी तसंच म्हणालो होतो. आणि स्वयंपाकघर..." त्यानं कठड्यावरची ताटली सरळ केली. "स्वयंपाकघर पास. पास, दीपा."

आम्ही दोघं झाडांकडे बघत उभे राहिलो. मी तर खरोखर एका कावळ्यासाठी देवाला नवस बोलले. कुठला कावळा! ओकवरून एक लठ्ठ खार उतरली, कठड्यावरून तुरुतुरु आली, आणि आम्हाला न जुमानता दहीभातात तोंड घालून बसली. लोणचं तेवढं बाजूला सारलं भवानीनं.

"बाबा?" इलाचा आवाज चिरकला होता. "डिड इट कम?"

"नाही," अरुण म्हणाला. "खार आलीये."

ती हसली की रडली, मला कळलं नाही. दोन्ही असेल. अरुणनं फोन तोंडाजवळ घेतला.

"पुढच्या सीझनमध्ये ते कावळे काढून टाक. खार घाल. कावळे कोणाला खरे वाटणार नाहीत."

"ओके." तिनं नाक ओढलं. "सिव्हिरिटी?"

"वन," अरुण म्हणाला. त्यानं फोन माझ्यापुढे केला. मी घेतला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. तिकडून इला "बाबा, बाबा" करत होती, आणि ते त्यानंच ऐकायला हवं होतं.