सात नंबरच्या तंबूतली सोलापुरी चादर

आमच्या घरात अंथरूण आवरल्याशिवाय सकाळचा चहा मिळत नाही. हा नियम माझ्या आईचा. तो मी पुण्याहून मस्कतला आणला आणि तिथल्या बौशर भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लागू केला. नवऱ्याने आणि मुलीने तोंडं वाकडी केली, पण चहा सुटत नव्हता म्हणून पाळला. यात माझं काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवऱ्याला कंपनीत दहा वर्षं झाली म्हणून वाळवंटातल्या एका आलिशान कॅम्पवर दोन रात्रींचा मुक्काम बक्षीस मिळाला. मस्कतपासून तीन तास डांबरी रस्ता, मग टायरमधली थोडी हवा सोडायची आणि वाळूत गाडी घालायची. टेकाडाआड तंबू दिसले. तंबू म्हणायचं आपलं. आत नक्षीचा पलंग, गालिचे, न्हाणीघरात पितळी नळ. मॅनेजर गोरा, आफ्रिकेच्या जंगलांत बरीच वर्षं असले कॅम्प चालवून आलेला. खजूर आणि कहवा, ती अरबी कॉफी, घेऊन स्वतः स्वागताला उभा होता. एवढा थाट बघून मी हरखले आणि लगेच सावधही झाले. अशा ठिकाणी आपलं गावंढळपण उघडं पडायला वेळ लागत नाही.

सामान घेऊन आलेला माणूस पन्नाशीचा, दाढी पिकलेली. "मॅडम, इधर पानी है, इधर टॉवेल," असं त्याचं चाललं होतं. मी मुलीला म्हटलं, "चपला बाहेर काढ गं," तसा तो थबकला.

"मराठी काय तुमी? मी दापोलीकडचा."

तिथून पुढे 'मॅडम' जाऊन मी 'बाय' झाले आणि ते आमचे चाचा. तंबू झाडणं, बिछाने लावणं हे त्यांचं काम. पुढच्या महिन्यात थोरल्या मुलीचा निकाह, सुट्टी मंजूर झालेली, हेही पाच मिनिटांत कळलं.

झोपताना मी बॅगेतून सोलापुरी चादर काढली. कॅम्पच्या चादरी पांढऱ्याशुभ्र. डाग पडला तर कोण निस्तरणार?

"आई, प्लीज! लोक काय थिंक करतील?" मुलगी म्हणाली.

"लोक झोपलेत," मी म्हटलं आणि चादर अंथरली. अंग पुसायलाही आमचे घरचे पंचे होते.

सकाळी बाप-लेक उंटावर बसायला पळाले. मी सोलापुरी चादरीची घडी केली, पलंग ताणून लावला, उशा थोपटल्या, बेसिन कोरडं पुसलं. केरसुद्धा पिशवीत भरून बाहेरच्या डब्यात टाकला. तंबूला कुलूप नव्हतं, नुसती चेन. म्हणून पासपोर्टसकट सगळ्या बॅगा गाडीच्या डिकीत गेल्या. मग आम्ही जवळच्या वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यात, डुंबायला गेलो.

दुपारी परतलो तर आमच्या पलंगावर एक जर्मन आजोबा अर्ध्या चड्डीत पुस्तक वाचत पडलेले!

तिघंही तरातरा मॅनेजरच्या तंबूत गेलो. आम्हाला बघून तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याने चाचांना बोलावून घेतलं. सकाळी चाचांनीच त्याला कळवलं होतं की सात नंबर रिकामा आहे, सामान नाही, बिछाना मोडलेला नाही, टॉवेल कोरडे. मॅनेजरला वाटलं, या मंडळींना एकाच दिवसात वाळूचा कंटाळा आला आणि ती निघून गेली. त्याने तंबू जर्मन जोडप्याला दिला.

"तू आत गेलाच नाहीस," तो आता चाचांना इंग्रजीत झापत होता. "बाहेरूनच ठोकून दिलंस. सुट्टीवर जातोयस ना? मग परत येऊ नकोस."

"साब, मैं अंदर गया था." चाचांचा आवाज चिरकला. माझ्याकडे बघून ते हळूच म्हणाले, "बाय, मी आत गेलो व्हतो. अल्लाची शपत. तिथं कोनी झोपलाच नव्हता."

माझे कान तापले. खरं सांगायचं म्हणजे त्या सुटाबुटातल्या माणसापुढे कबूल करायचं की मी घरची चादर आणली, पंचे आणले आणि तुमचं बेसिन पुसलं. नवरा छताकडे बघत होता. क्षणभर मी गप्प राहिले, आणि त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. मग बोलले. पंच्यासकट सगळं सांगितलं.

मॅनेजरने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मॅडम, तुम्ही दयाळू आहात. याला वाचवण्यासाठी बोलताय."

आता मात्र माझं पित्त खवळलं. खरं बोलून वर खोटारडी ठरायचं म्हणजे काय! "चला," मी म्हटलं. "मोडा कुठलाही बिछाना."

शेजारच्या रिकाम्या तंबूत त्याने खरोखरच पलंग विस्कटला. मी पदर खोचला. चादर झटकली, कोपरे दुमडले, हाताने सुरकुत्या काढल्या, उशा थोपटल्या. तीन मिनिटं लागली नसतील. मग बेसिनकडे वळले, तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "पुरे, पुरे!" आणि खो खो हसायला लागला. "आफ्रिकेत माझ्या तंबूत माकडं शिरली, एकदा हत्तीही शिरला. पण असा पाहुणा नाही पाहिला." त्याने चाचांच्या खांद्यावर हात ठेवून माफी मागितली. "निकाहाला जा आणि वेळेवर परत ये," असंही म्हणाला. जर्मन आजोबा दुसऱ्या तंबूत गेले, जाताना माझ्याकडे कौतुकाने बघत.

संध्याकाळी चाचा चहा घेऊन आले. बराच वेळ घुटमळले.

"बाय, राग नका मानू. उद्या बिछाना तसाच ठेवा. तुमीच सगला केलात तर मी कशाला हाय इथं?"

आपण आवरतो म्हणजे दुसऱ्याचे कष्ट वाचवतो, अशी माझी आयुष्यभराची समजूत. त्या समजुतीने आज एका माणसाची नोकरी जवळजवळ घालवली होती.

दुसऱ्या दिवशी, निघायच्या सकाळी, रात्री पुन्हा अंथरलेली सोलापुरी चादर तशीच चुरगळलेली सोडून मी हात पाठीमागे बांधून तंबूबाहेर पडले. मुलीने मुद्दाम पलंगावर उड्या मारल्या, नवऱ्याने ओला टॉवेल जमिनीवर टाकला; दोघांची दिवाळी झाली होती. नाश्त्याला टेबलभर पदार्थ होते, पण माझं चित्त सगळं त्या पसाऱ्यात.

बॅगा घ्यायला परत आले तर तंबू लख्ख. पलंगावर कॅम्पची पांढरी चादर नव्हती. माझी सोलापुरी चादर अंथरलेली होती, एकही सुरकुती नाही, कोपरे माझ्यापेक्षा नेटके. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत माझं अंथरूण दुसऱ्या कुणी घातलेलं मी पाहिलं नव्हतं. माहेरी गेले तरी आई थकलेली म्हणून मीच घालायची.

"यल्ला, चला, निघायचं ना?" नवऱ्याने बाहेरून हाक मारली.

"दहा मिनिटं थांबा," मी म्हटलं, चपला काढल्या आणि त्या चादरीवर आडवी झाले.