माझी सून कोर्टात जाते

स्वतःच्या भांडणात समोरच्याची बाजू घेणारं माणूस अख्ख्या पेण तालुक्यात एकच, ती म्हणजे माझी सून. गावात मात्र ती भांडखोर ठरली, कारण तिने मुलीसाठी नवऱ्यावर पोटगीचा दावा लावला. तो नवरा माझाच मुलगा. रोह्याच्या एका कंपनीत नोकरी, शेजारच्या अष्टमी गावात दुसरा संसार. सून आणि नात पेणला माझ्याकडे. गाव तिला नावं ठेवत होतं तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून आता खरं ते लिहितो.

कोळणीशी घासाघीस करायला बसली, तर "तुमचं पण पोट हाय गो" म्हणत तीच दोन बोंबील परत करून उठणारी ही बाई. गणपतीच्या कारखान्यात ती मूर्तींचे डोळे आखायची. कोर्टाची तारीख जवळ आली तशी जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जायचो आणि आमची साक्षीची तालीम सुरू झाली. बिनरंगाचा एक गणपती न्यायाधीश, दुसरा तिचा नवरा आणि मी त्याचा वकील. पण देवाला टाकून कसं बोलायचं, म्हणून नवऱ्याच्या जागी रंगाचा डबा आला. मी दरडावायचो, "नवरा मुलीला काही देतो का?"

"नाय साहेब. पण त्यांना रात्रपाळी असते, जमत नसेल."

"हे सांगायचं नाय गो बाय!"

"मग खोटं बोलू का, बाबा?"

शेजारी सोंड घासत बसलेली बाई म्हणायची, "अगो, तू त्याचीच वकील हो. एकाची तरी केस जिंकशील!"

मुलाची नोकरी कायमची आहे, हे कोर्टाला सांगू शकेन असा मी एकटा होतो. पण बापाला लेकासमोर उभं नाय करायचं, असं तिने ठरवून टाकलं. मलाही ते सोयीचंच वाटलं.

रोह्याच्या कोर्टात मी दाराशी थांबलो. मुलाचे वकील म्हणाले, अशिलाला पक्कं काम नाही, आणि हिच्या बाजूने बोलायला हिचा सासरासुद्धा आलेला नाही. तिने लगेच सांगितलं, "आले असते हो साहेब, पण त्यांचे गुडघे दुखतात."

माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. मी आत गेलो, मुलाकडे न बघता जे होतं ते सांगितलं.

नातीची पोटगी मंजूर झाली. परतताना वडखळला एसटी थांबली, तेव्हा सून हळूच म्हणाली, "बाबा, ते सुकलेत हो. वेळेवर जेवत नसतील."

 कोर्टात त्याच्याकडे न बघताही मला तेच दिसलं होतं.