बबनला विसर पडलाय, असं मी म्हणालो

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. सकाळी देवापुढं बसतो, तिथंही नाही — तिथं तर हल्ली मी घाईघाईनं हात जोडतो आणि उठतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर — असू दे.

मी चौथीत गेलो आणि शाळा सुटली. पुढं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं, मुलाला इंजिनिअर केलं. तो अमेरिकेत आला आणि त्याची आई गेल्यावर मलाही घेऊन आला. श्रूजबरीत असतो आम्ही. मला इंग्रजी येत नाही, गाडी चालवता येत नाही, पण कुणापुढं कमीपणा घेणं — ते मला कधी जमलं नाही. बढाई म्हणून नाही सांगत. दुखणं कुठून सुरू झालं, ते सांगतोय.

माझी नात इरा. तिच्या आईचा नियम आहे, रोज थोडा वेळ आजोबांशी मराठीतच बोलायचं. ती पोर माझ्याशी काय बोलणार? शाळेत जे वाचायला दिलेलं असेल, तेच सांगायची. त्या वर्षी त्यांना इथल्या जुन्या गोष्टी होत्या. लहान लहान गावं आणि त्या गावांतली पोरं. एक पोरगा पुलावरून तळ्यात उडी मारतो. दोघं भाऊ शेजारच्या म्हाताऱ्याची सफरचंदं चोरतात आणि पोट दुखेपर्यंत खातात. एक जण सकाळी सायकलवरून घरोघरी पेपर टाकत फिरतो, आणि कुठल्या घरात काय चाललंय ते सगळं त्याला कळतं. इरा अडखळत सांगायची. "मग ना आजोबा, त्याचा डॉग पण जंप करतो, म्हणजे उडी मारतो, आणि त्याची मॉम इतकी ओरडते!"

तुम्ही हसाल, पण मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. सत्तरी उलटलेला माणूस मी, आणि कागदावरच्या पोरांचा हेवा! त्यांना उन्हाळा म्हणजे नुसता उन्हाळा होता. कुणी हाक मारली, तर ती जेवायला.

इथल्या मंडळाची मराठी शाळा रविवारी भरते, एका चर्चच्या तळघरात. शिल्पाताई शिकवतात. त्यांनी काढलं की घरोघरच्या आजी-आजोबांनी येऊन आपल्या लहानपणीची एकेक गोष्ट सांगायची. पुण्याच्या एका काकांनी गच्चीवरचे पतंग सांगितले. नागपूरच्या एका काकूंनी मामाकडची संत्र्यांची बाग सांगितली. मग सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली.

मी काय सांगणार होतो? — ते येईलच पुढं. तोंड उघडलं आणि त्यातून तळं बाहेर आलं. तळ्याचा मी डोह केला. सफरचंदांचे पेरू केले. आणि एकट्यानं कसली मजा, म्हणून बबनला घेतलं बरोबर. बबन माझा धाकटा भाऊ. तो तिकडं तालुक्याच्या गावी, त्याच्या मुलाकडं, सतीशकडं असायचा.

पोरं नुसती खूश! "आजोबा, यू गाइज वेअर सो बॅड!" शिल्पाताई म्हणाल्या, "काका, पुढच्या रविवारीपण तुम्हीच हं."

परतताना गाडीत इरा हळूच म्हणाली, "आजोबा, दॅट्स फ्रॉम माय बुक."

"अगं, सगळ्या गावांतली पोरं सारखीच," मी म्हणालो. "तुझ्या पुस्तकवाल्यानं काय उड्या विकत घेतल्यात होय?"

ती हसली. तिला पटलं असावं. मग मी कशाला थांबतोय? सबंध थंडी मी तिची पुस्तकं मंडळाच्या पोरांना विकली. पेपर टाकणारा पोरगासुद्धा सोडला नाही. बबन आणि मी सायकलवरून पेपर टाकायचो, असं सांगितलं. आमच्या गावात त्या काळी पेपर यायचाच नाही, हे डोक्यातही आलं नाही माझ्या. रविवार उजाडायची मी वाट बघायचो. दाढी करून, कोट घालून बसायचो.

पोरांना बबनचं वेड लागलं. मग शिल्पाताईंनीच सुचवलं, की बबन आजोबांना व्हिडिओवर बोलवू या. मी नाही म्हणून बघितलं. त्याला ऐकू येत नाही म्हणालो, तिकडं रेंज नसते म्हणालो. पण माझ्या मुलानं परस्पर सतीशशी ठरवूनसुद्धा टाकलं.

मी आधी एक फोन करायला हवा होता. बबन, मी असं असं सांगितलंय, तू नुसता हो म्हण. बस. त्यानं हो म्हटलं असतं. जन्मभर त्यानं मला हो शिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. मग का नाही केला? धाकट्या भावापुढं मी खोटारडा ठरलो असतो म्हणून. एवढ्यासाठी. पुढचं सगळं एवढ्यासाठी झालं.

त्या रविवारी भिंतीवर हा मोठा बबन दिसला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, मागं सतीशच्या घरातलं कॅलेंडर. माझा मुलगा लॅपटॉप जोडून द्यायला आला होता, तो मागच्या खुर्चीवर बसून राहिला. पोरांनी एकदम गलका केला. एकानं डोहातल्या उडीचं विचारलं.

"उडी?" बबन हसायला लागला. "आरं, तुमच्या आजोबाला पोहता कुठं येतंय? गुडघाभर पाण्यात देवाचा धावा करतोय त्यो!"

पोरं खदखदली. मी पण हसलो. अजून वेळ गेली नव्हती, चेष्टेवारी नेता आलं असतं. मग कुणीतरी पेपरचं काढलं.

"आपल्या गावात? पेपर?" बबननं गोंधळून माझ्याकडं बघितलं. आणि मला वाटतं, त्याला वाटलं की मी नम्रपणानं खरं सांगत नसेन. मोठी माणसं सांगत नाहीत ना स्वतःचं. म्हणून त्यानं सांगितलं.

"पोरांनो, तुमचा आजोबा लई मोठा माणूस हाय. बाप गेला तवा आम्हाला चुलत्यानं एसटी स्टँडवरच्या हॉटेलात ठेवलं. कपबशा विसळायला. टेबलाखाली निजायचो आम्ही. माझा हात लहान, कप निसटायचा. फुटला की दादा पुढं व्हायचा. मी फोडला म्हणायचा. मालकाचा पट्टा दादा खायचा. मला एक दिवस लागू दिला न्हाई."

पोरं माझ्याकडं बघत होती. मुलगा बघत होता. त्याला मी आयुष्यभर सांगत आलो होतो, की आम्ही खाऊनपिऊन सुखी होतो, शाळा मी हौसेनं सोडली. आता त्याच्या डोळ्यांत जे दिसलं, ती कीव आहे असं मला वाटलं. कीव होती का? मी आजतागायत विचारलेलं नाही.

मी शिल्पाताईंकडं वळलो आणि म्हणालो, "बबनला विसर पडलाय हो. डोक्याचं दुखणं आहे. दुसऱ्याच कुणाचं तरी सांगतोय तो."

मोठ्यानं म्हणालो. त्याला ऐकू जाईल असं.

शिल्पाताईंचा आवाज लगेच बदलला. लहान मुलाशी बोलावं तसं त्या म्हणाल्या, "असू दे हं बबनकाका. तुम्ही नका त्रास करून घेऊ." आणि भिंतीवरच्या बबननं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "आसंल. दादा म्हणतोय, तर आसंल."

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं, असं मी स्वतःला खूप वेळा सांगितलंय. नाही, चाललं नसतं. पण थांबलंही नाही. माझ्या मुलानं काळजीनं सतीशला फोन केला. सतीशनं बापाला डॉक्टरकडं नेलं. या वयात थोडं विसरायला होतंच, तेवढ्यावरून डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. बबनची सायकल बंद झाली. बाजारात एकट्यानं जाणं बंद झालं. तो काही सांगायला लागला, की घरातली माणसं एकमेकांकडं बघायची, हे सतीशच फोनवर सांगायचा. "काका, बरं झालं तुम्ही वेळेवर ओळखलंत," म्हणायचा. आणि मी म्हणायचो, जप त्याला.

इरानं एकदा विचारलं, "आजोबा, बबन आजोबा खरंच सिक आहेत का?" मी हो म्हटलं. तिच्याही डोळ्याला डोळा भिडवून.

मग एकदा बबनचा फोन आला. सतीश कामावर गेला होता, सुनेला सांगून त्यानं लावून घेतला होता. दम लागल्यासारखा बोलत होता. "दादा, एक विचारू का? रागावू नको. ते हॉटेल... कपबशा... तू माझ्या पुढं उभा राहायचास, ते खरं न्हवं का रं? मला तर दिसतंय अजून. तुझ्या पाठीवरचे वळसुद्धा दिसतात. पर घरात समदी म्हणतात, मला भास होतात."

घरात मी एकटा होतो. ऐकायला कुणी नव्हतं. लाज राखायची, तर समोर मुलगा नव्हता, पोरं नव्हती, शिल्पाताई नव्हत्या. नुसतं 'खरं आहे रे बबन' एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की तळघरातलं खोटं ठरणार, आणि ते मी केलं हे त्याला कळणार.

मी म्हणालो, "नाही रे. तसं काही नव्हतं."

तो म्हणाला, "बरं." पुढं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. थंडीत मोजे घाल म्हणाला.

त्यानंतर तो जवळजवळ वर्षभर जगला. फोन व्हायचे आमचे. हवेचं बोलायचो, जेवणाचं बोलायचो. लहानपणाचं त्यानं परत काही काढलं नाही. कुणी विचारलं, तर दादाला विचारा म्हणायचा.

त्याला लहानपणी चांगलं असं काही मिळालं नव्हतं. एक भाऊ मिळाला होता, तेवढाच. तो नव्हताच, असं मी त्याला सांगितलं. वर्ष होतं हातात, फोन खिशात होता. खरं सांगितलं नाही.