साळवीबाई आणि उजवा स्पीकर

स्पीकर दुरुस्तीला नेला की बाकी सगळे मॉडेल विचारतात. डोंबिवलीच्या साळवीबाई विचारायच्या, "यावर ऐकता काय?" उत्तर मिळेपर्यंत स्पीकरला हात लावायच्या नाहीत. एकाने "असंच, काहीही" म्हटलं, तर त्याला चहा पाजून त्यांनी परत पाठवलं. "काहीही ऐकायला मोबाइल आहे की तुझ्याकडे," म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पोहोचले ती नाइलाजाने. बाबांच्या जुन्या स्पीकरच्या जोडीत पडद्याभोवतीची फोमची कड झडली होती, दोन्हींची. ठाण्यातल्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने अदबीने सांगितलं, "मॅडम, त्या मॉडेलचे पार्ट कंपनीने बंद केले. नवीन घ्या ना, एक्स्चेंज आहे." घोडबंदर रोडच्या रहदारीत राहणाऱ्या माणसाला आवाज करणाऱ्या वस्तूंची ददात नसते. माझा प्रश्न आईचा होता.

आई भजनं म्हणायची, बाबा पेटीवर असायचे. एकदा शेजाऱ्यांनी हौसेने दोघांपुढे दोन माइक ठेवून घरातच रेकॉर्डिंग केलं. त्यामुळे डाव्या स्पीकरमधून आई गाते आणि उजव्यातून बाबांची पेटी वाजते. आई गेली, तशी बाबांनी पेटीला खोळ घातली ती घातलीच. रोज संध्याकाळी नुसते ऐकत बसायचे. कड झडल्यावर आईचा आवाज फाटायला लागला. "हिचा घसा बसलाय गं," बाबा म्हणाले, आणि मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

साळवीबाई तरुणपणी वागळे इस्टेटमधल्या स्पीकरच्या कारखान्यात पडदे चिकटवायच्या. कारखाना हलला, तेव्हा त्यांनी घराच्या गॅलरीत तेच काम मांडलं. माझं सगळं ऐकून घेतल्यावर "हात्तिच्या! कंपनीचा माल आहे माझ्याकडे," म्हणत त्यांनी पलंगाखालून एक खोका ओढला. पार्ट बंद होणार ही कुणकुण लागल्यापासून त्यांनी तो भरून ठेवला होता. ऐऱ्यागैऱ्याला त्यातलं काही मिळत नसे. त्यांनी एक कड उचलली आणि तिचा हातातच भुगा झाला. दुसरीचंही तेच. खोकाभर तपकिरी चुरा. फोम न वापरताही झडतो हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण कंपनीच्या मालावर त्यांचा माहेरच्या माणसांसारखा विश्वास होता.

त्यांनी पदराला हात पुसले. "बघ, जपून ठेवलेलं पण जातं. त्यापेक्षा दिलं असतं तर चार घरांत वाजलं असतं." मग एकदम विचारलं, "ती पेटी कुठे असते आता?"

"खोळीत."

"अस्सं," म्हणाल्या. पेटीच्या भात्याला लावतात ते मऊ कातडं आणून त्याची कड करून देईन, असं सांगून त्यांनी स्पीकर ठेवून घेतले.

काम झाल्यावर त्या स्वतःच रिक्षातून स्पीकर घेऊन आमच्याकडे ठाण्याला आल्या. जोडणीही त्यांनीच केली. आईचा आवाज असा मोकळा आला, की तिच्या बांगड्यासुद्धा ऐकू आल्या. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि लगेच उघडले. उजवा स्पीकर गप्प होता.

"तो तसाच आणलाय," साळवीबाई म्हणाल्या. "तारही लावली नाही."

"आणि पेटीशिवाय ती कशी गाणार?" बाबा म्हणाले.

"तेच म्हणते मी. ही बाजू तुमची ना, काका? कंपनीने पार्ट बंद केले. तुम्ही कशाला बंद केलंत?"

बाबा संतापले. मलाही रागच आला; अर्धं काम करून वर शहाणपण! बाई मात्र शांतपणे पोहे खात होत्या. "करा विचार. मला घाई नाही," म्हणत त्यांनी आणखी थोडे मागून घेतले. आई एकटीच गात होती. ती ओळ संपवून थांबायची, आणि पेटीने उत्तर द्यायचं त्या जागी काहीच नसायचं. दुसरं भजन सुरू झालं तसे बाबा पुटपुटले, "खोळ काढ गं."

बोटं आखडलेली होती. सूर चुकले, मागे पडले. शेवटच्या कडव्याला मात्र बाबांनी आईला गाठलं. साळवीबाईंनी पिशवी उचलली. "झालं काम," म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

तेव्हापासून बाबा रोज वाजवतात. संध्याकाळी कुलपात किल्ली घालताना आतून पेटी ऐकू येते आणि मला दर वेळी साळवीबाईंची आठवण येते. मी नुसता स्पीकर दुरुस्तीला नेला होता. त्यांनी माझे वडील मला परत दिले. हे त्यांना एकदा सांगायला गेले, तर "पुरे गं, चहा गार होतोय," एवढंच म्हणाल्या.

यंदा त्या गेल्या. घरच्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या सुनेने गॅलरीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्या हातात दिलं. कातड्याची कड होती, आमच्या उजव्या स्पीकरच्या मापाची.

"आमच्या आईंनी तेव्हा दोन्ही केल्या होत्या," ती म्हणाली. "काकांचे हात अगदीच थकले की मग द्यायची, आधी नाही, असं सांगून ठेवलेलं. पण आता त्याच नाहीत, तर तुमच्याकडेच असू दे."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग ती माझ्याकडे परत दिली.

"ठेवून दे. कातडं आहे, झडायचं नाही," म्हणाले आणि त्यांनी पेटी पुढे ओढली.