बाबूच्या माडाचं कांबळं

आज पार्से गावातल्या आमच्या अंगणात जुनं कांबळं उन्हात घातलं आणि त्या कुबट लोकरीच्या वासानं मी थेट आंबोलीच्या धुक्यात जाऊन पोचले. ह्यांची नोकरी तेव्हा तिकडे घाटावर होती. बाबू जन्मल्यावर माझ्या आईनं त्याच्या नावानं कोंब आलेला नारळ दिला होता; माड तगला की पोर तगतं, असं ती म्हणायची. तो मी तिथंच लावला आणि बाबूच्या न्हाणाचं पाणी रोज त्याला घालत राहिले. थंडी पडली तशी कोवळी पानं काळवंडली, आणि त्याच आठवड्यात बाबूला ताप भरला. मी शहाणी! घरातलं एकुलतं कांबळं माडाला गुंडाळलं आणि बाबूला पदरात घेऊन बसले.

"अगो, भुरगो कुडकुडता आणि तू माडाक पांघरूण घालतंस?" हे ओरडले.

"माड मेलो तर माझो बाबू वाचात?" मी रडत विचारलं.

ह्यांनी अंगातला कोट काढून बाबूवर घातला. माडाच्या कांबळ्याला मात्र हात लावला नाही.

माड गेलाच. बाबू आता आजोबा झालाय. पण तो खोकला, की ही म्हातारी अजून आधी परसातल्या माडांचे शेंडे बघून येते.