दाराखालून आलेलं पत्रक

तुमचं कुत्रं भुंकायला लागलं की तुम्ही त्याच्यावर ओरडता. खरं सांगा, त्यानं ते एकदा तरी गप्प बसलंय का?

मी वर्षभर ओरडले. कर्वेनगरमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आमची कुत्री दिवसातून कितीदा तरी दाराकडे झेपावायची आणि जिना दणाणून सोडायची. मी "गप्प!" म्हणायचे, ती आणखी जोरात. बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "काहून ओरडून रायली? तिले वाटते, तूबी तिच्यासंगं भुंकून रायली."

बाबा नागपूरकडचे, इथल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरींची तक्रार दाराखालून आत आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून दुपारी झोपतात, त्यांना झोप मिळत नाही, पंधरा दिवसांत बंदोबस्त करावा. मी सेक्रेटरींना जिन्यातच गाठलं.

"काका, मुकं जनावर आहे ते!"

"मुकं? अहो, तेवढीच तर आमची अपेक्षा आहे."

कुत्रीला घराबाहेर काढायचा अधिकार सोसायटीला नाही, हे मला पाठ होतं. पण बाबांना ते पुरेसं वाटेना. "त्या बाईची झोप मोडून आपला हक्क सांगाचा नाई," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत जमलं नाई, तर तिले लोणी काळभोरले माह्या दोस्ताच्या शेतावर ठेवू." आणि मग बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत बसले.

मी काय केलं? पत्रक लिहिलं. 'आवाज दाबू नका!' छान ठसठशीत झेरॉक्स काढल्या आणि एकेका दाराखालून सरकवत निघाले. कुणालाही वगळायचं नाही या तत्त्वाला जागून आमच्याही दाराखालून एक सरकवलं.

आत स्फोट झाला. बाबांनी दार उघडलं, तेव्हा अर्धं पत्रक कुत्रीच्या तोंडात होतं.

"वाचलं तिनं," बाबा म्हणाले. "पटलं नाई वाटते."

मी हसता हसता उंबऱ्यावरच बसले. दाराची फट समोर होती. दूधवाल्याची चिठ्ठी, क्लासच्या जाहिराती, सोसायटीच्या सूचना, सगळं त्याच फटीतून येतं. कुत्रीच्या बाजूनं बघा: पांढरं काहीतरी घरात घुसतं, ती भुंकते, बाहेरची पावलं निघून जातात. म्हणजे दरवेळी ती जिंकते! वर मी मागून ओरडून तिला दुजोरा देते.

बाबांनी शिफ्टमध्ये ठेवायचे तशी वही काढली. किती वाजता भुंकली, कशावर, किती वेळ. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं: बहुतेक पानांवर दारच होतं, आणि सकाळचं फिरणं पाच मिनिटांत उरकलं त्या दिवशी दुप्पट.

मग आम्ही कामाला लागलो. फटीला आतून गोधडीची गुंडाळी लावली, बाहेर कागदांसाठी टोपली टांगली. सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं तिला हवं ते, हवा तितका वेळ हुंगू दिलं. दुपारी गुंडाळी काढून सराव. मी बाहेरून कागदाचं जेमतेम टोक आत सारायचं, आणि ती भुंकायच्या आधीच बाबांनी तिच्यापुढे उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा. मग अर्धा कागद. मग अख्खा. दोनदा घाई केली आणि दोनदा पुन्हा टोकापासून सुरुवात केली. ओरडायचं मात्र नाही, ही अट माझ्यासाठी होती आणि ती पाळणं तिच्यापेक्षा मलाच जड गेलं.

पंधराव्या दिवशी सरावासाठी गुंडाळी काढली होती, तेवढ्यात सेक्रेटरी स्वतः आले आणि टोपली सोडून, न सांगता त्यांनी दाराखालून सूचना सरकवली. बाबांनी चिकनची वाटी उचलली. कुत्री उठली, कागद हुंगला, "भुक्" असं एकदाच म्हणाली आणि चिकनच्या आशेनं बाबांकडे पाहू लागली.

मी दार उघडलं. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत उभे होते.

"एक चालेल," ते म्हणाले. "आमच्या सभेत याहून जास्त होतात. खालीही सांगतो, आता निवांत झोपा म्हणून."

लोणी काळभोरचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. आज तुमचं कुत्रं भुंकलं की ओरडू नका. उठा, त्याच्या शेजारी जमिनीवर बसा, ते बघतंय तिकडे बघा आणि दिसेल ते वहीत लिहा. आठ दिवस लिहा. आजच सुरुवात करा.